नियमांचा कारखानदार

1908 च्या लंडन ऑलिम्पिकमधली 400 मीटरची अंतिम शर्यत दोनदा झाली आणि दुसऱ्या खेपेला मैदानात उतरलेला धावपटू एकच होता. पहिल्या खेपेत अमेरिकेच्या कारपेंटरने ब्रिटनच्या हॅल्सवेलची वाट अडवली, असं पंचांचं म्हणणं पडलं. तशी आडवी चाल अमेरिकेच्या नियमांत चालत होती, ब्रिटनच्या नियमांत चालत नव्हती आणि पंच सगळे ब्रिटिश होते. त्यांनी शर्यत रद्द करून फेरशर्यतीचा हुकूम दिला. उरलेल्या दोन अमेरिकनांनी धावायला साफ नकार दिला, तेव्हा हॅल्सवेल एकटाच धावून सुवर्णपदक घेऊन गेला.

आज हे वाचताना नवल वाटतं, पण त्या काळी याला इलाज नव्हता. प्रत्येक देशाचे नियम वेगळे होते. कुठे यार्डात मोजायचे, कुठे मीटरमध्ये. जगात सगळ्यांत वेगाने कोण धावतो, हे अधिकाराने सांगणारं कुणी नव्हतंच. वर्तमानपत्रं आपापल्या माणसाला जगज्जेता ठरवत आणि पलीकडच्या देशातली वर्तमानपत्रं त्याच्यावर हसत.

हा गोंधळ ज्याने निस्तरला तो माणूस खेळाच्या जगातला एक थोर धावपटू नव्हता, की कुणी सरदार-उमरावही नव्हता. तो वीजयंत्रांच्या कारखान्याचा प्रमुख होता. योहानेस सिगफ्रिड एडस्ट्रॉम हे त्याचं नाव. आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाचं अध्यक्षपद त्यांनी 1946 पर्यंत, म्हणजे तीन दशकांहून जास्त काळ सांभाळलं आणि त्यानंतर 1952 पर्यंत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं. आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणाऱ्या कुबेर्तांचं नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. एडस्ट्रॉम मात्र क्रीडाप्रेमींच्याही गावी नसतात. वास्तविक आजच्या मैदानी खेळांचा सांगाडा या माणसाने उभा केला आहे. त्या सांगाड्यात काही माणसं चिरडलीही गेली. या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून आल्या, म्हणून त्या एकत्रच सांगायला हव्यात.

एडस्ट्रॉम यांचा जन्म 21 नोव्हेंबर 1870 चा, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोथेनबर्ग परिसरातला. तरुणपणी ते स्वतः चांगले धावायचे. 100 मीटर 11 सेकंदांच्या आसपास, आणि एकोणिसाव्या शतकातल्या त्या मैदानांवर, त्या बुटांनिशी, हा वेग लहान नव्हे. गोथेनबर्गच्या चाल्मर्स संस्थेत आणि मग झुरिचला अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेला गेले. विजेचं युग तिथे तेव्हा नुकतं सुरू होत होतं. पिट्सबर्गला वेस्टिंगहाउस आणि स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिक, अशा दोन्ही कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्यांत त्यांनी काम केलं. शिकागोच्या रूथ रँडल या शिक्षिकेशी त्यांनी लग्न केलं. पुढे या रूथबाई स्वीडनमध्ये शांततेच्या चळवळीत आणि स्त्रियांच्या हक्कांच्या कामात पुढे आल्या. मायदेशी परतल्यावर एडस्ट्रॉम यांच्या हाती पहिलं मोठं काम आलं ते गोथेनबर्गच्या ट्राम घोड्यांवरून विजेवर आणण्याचं.

ते काम पार पडताच 1903 मध्ये वॉलेनबर्ग या बँकर घराण्याने त्यांना वेस्टेरोस या गावी बोलावलं. तिथली 'आसेआ' ही वीजयंत्रं बनवणारी कंपनी तोट्यात रुतली होती. बँकेचे पैसे अडकले होते आणि कंपनी वाचवायला इंजिनिअरिंग आणि हिशेब दोन्ही कळणारा माणूस हवा होता. एडस्ट्रॉम तिथे 30 वर्षं मुख्य संचालक होते आणि त्यापुढे 1949 पर्यंत संचालक मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या काळात आसेआची जनित्रं, मोटारी, रोहित्रं देशाबाहेर जाऊ लागली. उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या किरुनाच्या खाणींतून लोहखनिज वाहून नेणारा रेल्वेमार्ग 1915 मध्ये विजेवर आला, त्यातही आसेआचा हात होता. 1988 मध्ये स्विस ब्राउन बोव्हेरी कंपनीशी एकत्र येऊन आसेआची एबीबी झाली. तिचा एक कारखाना आपल्या नाशिकमध्येही आहे.

या कंपनीचं बोधचिन्ह होतं स्वस्तिक. एकोणिसाव्या शतकापासून ते तिच्या यंत्रांवर उमटवलं जाई आणि युरोपात तोवर त्याचं कुणाला वावडं नव्हतं. 1933 मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि आसेआने ते चिन्ह टाकून दिलं. कारखान्यातून स्वस्तिक काढणं सोपं गेलं. बर्लिनच्या ऑलिम्पिकचा प्रश्न आला तेव्हा एडस्ट्रॉम यांची परीक्षा अवघड होती, आणि त्याकडे पुढे येतोच.

आधी स्टॉकहोम. 1912 चं ऑलिम्पिक तिथे भरलं तेव्हा एडस्ट्रॉम संयोजन समितीच्या प्रमुख कारभाऱ्यांपैकी होते. लंडनची भांडणं डोळ्यांसमोर होती. स्टॉकहोमला शर्यत सुरू करणाऱ्या पिस्तुलाला विजेची तार जोडली होती, त्यामुळे बार उडताच घड्याळं आपोआप सुरू होत. थांबवायची मात्र पंचांनी, हाताने. अंतिम रेषेवर कॅमेरा होता. 1500 मीटरच्या शर्यतीत अमेरिकेचे किविएट आणि टेबर इतके बरोबरीने आले की दुसरा कोण आणि तिसरा कोण हे डोळ्यांना ठरवता येईना. छायाचित्र पाहून किविएटला रौप्यपदक दिलं गेलं. माणसाच्या डोळ्यापेक्षा यंत्राची साक्ष खरी मानायची, हा खेळातला मोठा बदल होता.

स्पर्धेच्या शेवटी, 17 जुलै 1912 रोजी, 17 देशांचे प्रतिनिधी स्टॉकहोमला एकत्र बसले आणि आंतरराष्ट्रीय हौशी अ‍ॅथलेटिक्स महासंघाची मुहूर्तमेढ रोवली गेली. पुढच्या वर्षी बर्लिनला घटना मंजूर झाली. कारभाराची सूत्रं एडस्ट्रॉम यांच्याकडे आली. महासंघाने तीन कामं अंगावर घेतली: सगळ्या देशांना एकच नियम, जागतिक विक्रमांची एकच अधिकृत यादी आणि हौशी खेळाडू कोणाला म्हणायचं याची एकच व्याख्या. विक्रमांच्या यादीत पुरुषांच्या 100 मीटरला पहिलं नाव लागलं ते अमेरिकेच्या डोनाल्ड लिपिंकॉटचं, स्टॉकहोमलाच प्राथमिक फेरीत धावलेल्या 10.6 सेकंदांचं. आजवर या अंतराचे जेवढे अधिकृत विक्रम नोंदले गेले त्यांची सुरुवात त्या नोंदीपासून होते.

पहिली दोन कामं एडस्ट्रॉम यांनी अशी चोख केली की त्यांच्याबद्दल कृतज्ञताच वाटते. भाल्याचं वजन, गोळाफेकीच्या वर्तुळाचा व्यास, अडथळ्यांची उंची यांची मापं ठरली. आज साताऱ्याच्या मैदानावर फेकलेल्या भाल्याचं अंतर झुरिचच्या भाल्याशी ताडून बघता येतं, ते या मापांमुळे. कारखान्यात एका माणसाने बनवलेला बोल्ट दुसऱ्याने बनवलेल्या नटात बसलाच पाहिजे, हा ज्याच्या रोजच्या कामाचा नियम होता, त्याने तो मैदानावर आणला.

तिसरं काम मात्र मापाचं नव्हतं. खेळातून पैसा घेणारा तो व्यावसायिक, त्याला ऑलिम्पिकमध्ये जागा नाही, हा नियम इंग्लंडमधल्या सुखवस्तू वर्गाने जन्माला घातलेला. ज्याच्या घरी वडिलोपार्जित उत्पन्न आहे त्याला तो कधीच जाचला नाही. मजुराच्या पोराला तो पहिल्या दिवसापासून जाचला. एडस्ट्रॉम यांनी हा नियमही अंतर आणि वेळ यांच्यासारखाच मोजण्याचा विषय मानला, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक ही आहे.

तिची किंमत सर्वांत जास्त मोजली ती फिनलंडच्या पाव्हो नुर्मीने.

नुर्मी तुर्कू शहरातल्या गरीब घरचा. वडील लवकर गेले आणि पोराने शाळा सोडून कामाला लागायचं ठरवलं. 1912 मध्ये, तो 15 वर्षांचा असताना, आपल्या देशाच्या हान्नेस कोलेमाइनेनने स्टॉकहोमला लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकल्याची बातमी त्याने ऐकली आणि धावण्याचं वेड घेतलं. 1920, 1924 आणि 1928 या तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून त्याने 9 सुवर्ण आणि 3 रौप्यपदकं जिंकली. हातात घड्याळ धरून धावायचा. प्रतिस्पर्ध्याकडे बघायचा नाही, काट्याकडे बघायचा. खरं तर एडस्ट्रॉम यांच्या कल्पनेतला आदर्श धावपटू म्हणून नुर्मीकडेच बोट दाखवता आलं असतं.

1932 चं लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक जवळ आलं तेव्हा नुर्मी 35 वर्षांचा होत होता. एका मॅरेथॉनने कारकिर्दीचा शेवट करायचा त्याचा मनसुबा होता. पण आदल्या वर्षी जर्मनीत धावण्याच्या दौऱ्यावर असताना त्याने प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतल्याचा आरोप झाला. एडस्ट्रॉम यांनी जर्मन महासंघाकडे पुरावे मागितले. ते मिळेनात तेव्हा पुरावे दिले नाहीत तर तुमच्यावरच कारवाई होईल, असं दरडावून लिहिलं. शेवटी पुरावे आले. 3 एप्रिल 1932 रोजी बर्लिनला महासंघाच्या कार्यकारी मंडळाने नुर्मीला आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून निलंबित केलं. फिनलंडचं म्हणणंही नीट ऐकून घेतलं गेलं नाही, ही तिथल्या लोकांची तक्रार अखेरपर्यंत राहिली.

नुर्मीने आशा सोडली नाही. 26 जूनला फिनलंडच्या निवड चाचणीत त्याने 40.2 किलोमीटर अंतर पाणीसुद्धा न पिता 2 तास 22 मिनिटांत कापलं. दुसऱ्या आलेल्या आर्मस टोइव्होनेनला त्याने 6 मिनिटांनी मागे टाकलं होतं. बोटीने तो अमेरिकेला गेला आणि टाच दुखत असतानाही ऑलिम्पिक ग्राममध्ये सराव करत राहिला. स्पर्धेच्या तोंडावर महासंघाने निलंबन कायम केलं. एडस्ट्रॉम यांचे स्वीडिश सचिव बू एकेलुंड यांनी मध्यममार्ग सुचवला: स्पर्धेबाहेरचा धावपटू म्हणून त्याला धावू द्यावं. फिनलंडने तो नाकारला. नुर्मी व्यावसायिक ठरलेला नाही, मग तो चोरासारखा का धावेल? मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी इतर देशांच्या धावपटूंनी सह्या करून विनंती केली की नुर्मीला आमच्याबरोबर धावू द्या. ज्यांना तो हरवणार होता त्यांनीच ही सह्यांची मोहीम काढली! उपयोग झाला नाही. शर्यत अर्जेंटिनाच्या साबालाने जिंकली. तिसरा आला टोइव्होनेन, तोच, चाचणीत 6 मिनिटं मागे पडलेला.

फिनलंडमध्ये संताप उसळला. महासंघाचा अध्यक्ष स्वीडिश, सचिव स्वीडिश आणि बळी गेला तो स्वीडनचा मैदानावरचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी, हे कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाही? दोन्ही देशांमधली एका वर्षाआड होणारी अ‍ॅथलेटिक्सची झुंज आदल्या वर्षीच्या भांडणांमुळे आधीच तुटली होती, ती पुन्हा जुळायला 1939 उजाडलं.

एडस्ट्रॉम यांनी आपल्या देशाला पाठीशी घालण्यासाठी हे केलं, असं मला वाटत नाही. 1945-46 मध्ये गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन हे स्वीडनचे दोन लाडके धावपटू याच कारणासाठी कायमचे बाद झाले. मैलाचा विक्रम तेव्हा 4 मिनिटं 1.4 सेकंदांवर होता, तो हेगचाच. चार मिनिटांची भिंत फोडणारा पहिला माणूस स्वीडिश असू शकला असता. स्वीडनने तो मान नियमापायी गमावला. एडस्ट्रॉम अप्रामाणिक नव्हते. पण प्रामाणिकपणे राबवलेला अन्यायी नियम अन्यायच करतो.

त्यात 1936 च्या बर्लिनचा प्रश्न. जर्मनीत ज्यूंना खेळाच्या संस्थांमधून हाकलून दिलं जात होतं आणि अमेरिकेत बहिष्काराची मागणी जोर धरत होती. एडस्ट्रॉम यांनी आपले अमेरिकन मित्र अ‍ॅव्हरी ब्रंडेज यांच्याबरोबर बहिष्काराला विरोध केला. ब्रंडेज हेही उद्योजकच, शिकागोचे बांधकाम व्यावसायिक. छळाचं समर्थन करत नाही, पण ज्यूंच्या प्रभावाला आळा बसणं समजू शकतो, अशा अर्थाचं एडस्ट्रॉम यांनी ब्रंडेजना लिहिलेलं पत्र इतिहासकारांनी उजेडात आणलं आहे. ते वाचून मान खाली जाते. भाल्याच्या वजनात गोंधळ खपवून न घेणाऱ्या माणसाने इथे एवढी ढिलाई दाखवली, याला माफी नाही.

स्त्रियांच्या बाबतीतही तेच. फ्रान्सच्या अ‍ॅलिस मिलिया यांनी 1921 मध्ये स्त्रियांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय महासंघ काढला, कारण पुरुषांचा महासंघ दार उघडत नव्हता. 1926 मध्ये त्यांच्या स्पर्धा खुद्द गोथेनबर्गला भरल्या आणि जपानची हितोमी किनुए तिथे चमकली. या स्पर्धांची लोकप्रियता पाहून एडस्ट्रॉम वाटाघाटींना आले. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी अ‍ॅथलेटिक्सचे 5 प्रकार घेतले गेले. त्यातल्या 800 मीटरच्या शर्यतीत जर्मनीच्या लीना राड्केने सुवर्ण आणि हितोमीने रौप्य मिळवलं. शर्यतीनंतर धावपटू कोसळल्याच्या फुगवलेल्या बातम्या छापून आल्या आणि तेवढ्यावर ही शर्यत स्त्रियांना 1960 पर्यंत बंद झाली. मिलियाबाईंची संघटना नाहीशी झाली तर बरं, असं एडस्ट्रॉम यांनी ब्रंडेजना पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. तीसच्या दशकातच ती बंद पडलीही. बायको स्त्रीहक्कांसाठी झटणारी आणि नवऱ्याची ही भूमिका!

याच माणसाने कारखान्यांत मात्र तडजोडीचा नवा रस्ता घातला. ते स्वीडनच्या मालक संघटनेचे अध्यक्ष होते आणि 20 डिसेंबर 1938 रोजी साल्ट्सयोबाडेनला मालक-कामगार करारावर त्यांनीच मालकांच्या बाजूने सही केली. संप, टाळेबंदी, कामावरून कमी करणं यांचे नियम सरकारला मधे न आणता दोन्ही बाजूंनी मिळून ठरवायचे, हा त्या कराराचा गाभा. पुढची कित्येक वर्षं स्वीडनचा औद्योगिक सलोखा त्यावर टिकला. कामगार संघटनेसमोर बसून ऐकून घेणाऱ्या एडस्ट्रॉम यांनी धावपटूंना समोर कधी बसवलं नाही. कामगारांमागे संघटना होती. धावपटू एकटा होता.

1942 च्या जानेवारीत ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर वारले. निम्मं जग लढत होतं, समितीचे सदस्य शत्रुदेशांत विभागलेले. उपाध्यक्ष म्हणून कारभार एडस्ट्रॉम यांच्याकडे आला आणि स्वीडन तटस्थ असल्याचा फायदा घेऊन त्यांनी दोन्ही गोटांतल्या सदस्यांशी पत्रव्यवहार चालू ठेवला. समिती विस्कटू दिली नाही. युद्ध संपताच, ऑगस्ट 1945 मध्ये, त्यांनी लंडनला कार्यकारी मंडळाची बैठक घेतली. 1946 मध्ये लोझानला ते रीतसर अध्यक्ष झाले, वयाच्या 75 व्या वर्षी. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये 59 देश आले. रेशनवर जगणाऱ्या शहरात ते पार पडलं यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्याच काळात, 1951 मध्ये, सोव्हिएत संघाला समितीत मान्यता मिळाली.

लंडनलाच एक प्रकरण घडलं. घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात स्वीडनच्या संघाने सुवर्ण मिळवलं. त्या काळी या प्रकारात सैन्यातल्या अधिकाऱ्यांनाच भाग घेता येई. संघातला गेनेल पर्सन होता साधा सार्जंट. त्याला स्पर्धेपुरती बढती देऊन अधिकारी केलं होतं आणि स्पर्धा संपताच पुन्हा सार्जंट. हे उघडकीस आल्यावर 1949 मध्ये पदक काढून फ्रान्सला देण्यात आलं. पर्सनने घोडा नियमबाह्य चालवला नव्हता. त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या कमी होत्या, एवढाच गुन्हा. मग नियम बदलला आणि 1952 मध्ये तोच पर्सन स्वीडनच्या संघाबरोबर सुवर्ण जिंकून गेला.

1952 चं हेलसिंकी हे एडस्ट्रॉम यांचं अध्यक्ष म्हणून शेवटचं ऑलिम्पिक. 19 जुलैला उद्घाटन झालं तेव्हा पाऊस पडत होता. ज्योत घेऊन कोण येणार हे गुप्त ठेवलं होतं. मशाल घेतलेला, टक्कल पडलेला, 55 वर्षांचा एक माणूस मैदानात शिरला आणि त्याची ती लांब, ताठ चाल लोकांनी क्षणात ओळखली. नुर्मी! प्रेक्षागारात एकच गर्जना झाली. वेगवेगळ्या देशांचे खेळाडू रांगा मोडून त्याला बघायला धावमार्गाच्या कडेला आले. मैदानातली ज्योत त्याने पेटवली आणि मनोऱ्यावरची कोलेमाइनेनने. 20 वर्षांपूर्वी ज्यांनी नुर्मीला ऑलिम्पिकबाहेर ठेवलं ते एडस्ट्रॉम, वय 81, या सोहळ्याचे सर्वोच्च मानकरी होते. फिनलंडने आपला निकाल त्या दिवशी जगासमोर दिला.

त्याच हेलसिंकीत, चार दिवसांनी, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीच्या 57 किलो गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावोगाव वर्गणी काढावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. ते मी इथे सांगतो ते वेगळ्या कारणासाठी. हौशीपणाचा नियम गोळेश्वरच्या तालमीतून पाहिला म्हणजे त्याचं खरं रूप कळतं. नियम म्हणत होता, खेळावर कमवू नका. खाशाबांच्या भोवतीची माणसं विचारत होती, खेळायला जायचं तरी कशाच्या जोरावर? याचं उत्तर एडस्ट्रॉम यांच्या नियमपुस्तकात नव्हतं.

हेलसिंकीनंतर त्यांनी अध्यक्षपद ब्रंडेज यांच्याकडे सोपवलं आणि हौशीपणाचा हट्ट ब्रंडेज यांनी आणखी 20 वर्षं चालवला. 18 मार्च 1964 रोजी एडस्ट्रॉम स्टॉकहोमला वारले, 93 वर्षांचे होऊन. नुर्मी तोवर हेलसिंकीत इमारती बांधून श्रीमंत झाला होता.

एडस्ट्रॉम यांची मापं टिकली, कारण ती सगळ्यांना सारखी लागू पडत होती. त्यांचा हौशीपणाचा नियम टिकला नाही, कारण तो सारखा लागू पडू शकतच नव्हता. ऐंशीच्या दशकात खेळाडूंना खेळातून मिळणारा पैसा महासंघाच्या देखरेखीखाली ठेवायला परवानगी मिळाली. 2001 मध्ये महासंघाने आपल्या नावातून 'हौशी' काढून टाकलं. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याच महासंघाने अ‍ॅथलेटिक्सच्या प्रत्येक सुवर्णपदकासाठी 50,000 डॉलर बक्षीस दिलं.